रुग्णाच्या घरात ड्युटी करताना

घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, केअरटेकर आणि मावशी यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. दवाखान्यात पलंग वरखाली होतो, हाक मारली की दुसरं माणूस येतं, वापरलेल्या सुईसाठी डबा भिंतीला टांगलेला असतो. घरात यातलं काहीच नसतं. घर रुग्णाचं असलं तरी ड्युटीच्या तासांत ते तुमचं कामाचं ठिकाण आहे, हे धरूनच पुढची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अर्धांगवायू झालेल्या ८० किलो वजनाच्या पेशंटची दिवसपाळी करते. घरचे म्हणतात, रोज दोनदा उचलून व्हीलचेअरमध्ये बसवा. मदतीला कोणी नसतं. तीन महिन्यांपासून कंबर धरते आहे. उचलायची बरोबर पद्धत कोणती?

एवढ्या वजनाला एकट्याने उचलायची बरोबर पद्धत नाही, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्राप्रमाणे रुग्णाला हाताने उचलताना जास्तीत जास्त १६ किलो भार घ्यावा. तोही रुग्ण शांत असेल, सहकार्य करत असेल आणि भार तुमच्या अंगाजवळ असेल तर. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे तुमच्या पेशंटचा एक पायच १३ किलोचा. डायपर बदलताना दोन्ही पाय एकदम वर धरलेत तरी मर्यादा ओलांडली. कंबरेला पट्टा बांधला की इजा टळते, असं अनेकजणी मानतात. त्याला भक्कम पुरावा नाही, उलट पट्ट्याच्या भरवशावर जास्त वजन घेतलं जातं.

म्हणून काम 'उचलण्या'चं न ठेवता वळवण्याचं, सरकवण्याचं आणि त्यांनाच उठायला लावण्याचं करायचं. व्हीलचेअरचा विचार करण्याआधी रोज तीन गोष्टी पाहा. पेशंट पलंगाच्या कडेला आधाराशिवाय मिनिटभर बसू शकतात का? चांगल्या बाजूचा पाय गुडघ्यात सरळ करून पाच सेकंद धरू शकतात का? सांगितलेलं समजून तसं करतात का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर त्या दिवशी एकट्याने खुर्चीत बसवायचं नाही. दोघांनी बगलेत हात घालून उचलणं हाही उपाय नव्हे, कारण ८० किलोचे दोन भाग केले तरी प्रत्येकी ४० होतात. अशा पेशंटसाठी घरच्यांनी हॉइस्ट, म्हणजे झोळीने उचलणारं यंत्र भाड्याने आणावं. ते येईपर्यंत पलंगावरच पाठीमागे आधार देऊन बसवावं.

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांचा कोन करून लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, खुर्चीचा पलंगाकडचा हात निघत असेल तर काढा. पेशंटला कडेला बसवून एक-दोन मिनिटं थांबा. बराच वेळ झोपलेल्या माणसाचा रक्तदाब उठल्यावर उतरतो आणि चक्कर येते, ती इथेच कळते. मग पेशंटच्या कमरेला ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे त्यांना धरण्यासाठीचा रुंद पट्टा बांधा, आत दोन बोटं जातील इतका सैल. पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा पोटात नळी असेल तर बेल्ट नको.

पेशंटचे तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघ्यांपेक्षा किंचित मागे हवेत. तुमचा गुडघा त्यांच्या लुळ्या पायाच्या गुडघ्यासमोर ठेवा, म्हणजे तो अचानक दुमडणार नाही. त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. ही एक गोष्ट राहिली की सगळं वजन तुमच्या कंबरेवर येतं, कारण मागे रेललेलं माणूस स्वतःच्या पायांवर भार घेऊच शकत नाही. चांगला हात त्यांनी गादीवर रेटायचा, तुमच्या गळ्यात नाही. गळ्यात हात घेतला आणि ते बसकले, तर तुमची मान त्यांच्याबरोबर खाली जाते. 'एक, दोन, तीन' म्हणून ते उठतील तेव्हा बेल्ट धरून तुमचा भार पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्या. वळताना कंबर पिळू नका, छोटी पावलं टाका. खुर्ची पोटऱ्यांना लागली की त्यांनी खुर्चीचा हात धरून सावकाश बसायचं.

लुळा हात ओढायचा नाही, बगलेतही हात घालायचा नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा सहज निखळतो.

पलंगावर वळवताना पेशंटला आपल्याकडे वळवा, दुसऱ्या बाजूला ढकललं तर ते पलंगावरून पडू शकतात. पलीकडचा हात छातीवर घ्या, पलीकडचा गुडघा उभा करा आणि एक हात खांद्यावर, दुसरा नितंबावर ठेवून ओढा. उशीकडे सरकवायचं असेल तर स्लाइड शीट वापरा. हे घसरणाऱ्या कापडाचे दोन थर असतात. ती खांद्यापासून नितंबापर्यंत घाला, डोक्याकडची बाजू सपाट करा आणि पेशंटला गुडघे उभे करून टाचांनी रेटायला सांगा. काम झालं की शीट काढून घ्या, तशीच राहिली तर पेशंट घसरून खाली येतात. पलंग ठेंगणा असेल तर घरच्यांना पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे बसवायला सांगा. काम करताना गादी तुमच्या कंबरेच्या उंचीला आली पाहिजे. पेशंट स्वतः पाय खाली टेकून उठणारे असतील तर मात्र ठोकळे नकोत.

तीन महिन्यांचं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद कमी होणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, थांबायचं नाही.

प्रश्न : चालवत नेताना पेशंट मधेच कोसळू लागले तर कसं धरायचं?

धरून ठेवायचं नाही. पडणारं शरीर हवेत थांबवायच्या प्रयत्नात सेवा करणाऱ्यांची पाठ कायमची जाते. बेल्ट धरूनच त्यांच्या मागे या, पाय फाकवा, एक पाय पुढे करा आणि त्या मांडीवरून त्यांना घसरगुंडीसारखं जमिनीवर येऊ द्या. लक्ष फक्त डोक्याकडे. खाली आल्यावर लगेच उठवू नका. शुद्ध, दुखणं, पायाचा वाकडेपणा पाहा. मांडीचं हाड मोडल्याची शंका असेल तर उशी-पांघरूण देऊन तिथेच ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. इजा नसेल आणि ते स्वतः रांगू शकत असतील, तर समोर भक्कम खुर्ची ठेवून त्यावर हात टेकवत उठायला सांगा.

प्रश्न : आजींना इन्सुलिन पेनने टोचल्यावर टोपण लावताना सुई माझ्याच बोटाला लागली. धुऊन पट्टी लावली. अजून काही करायचं होतं का?

हो. हे वाचत असताना ७२ तास उलटले नसतील तर आत्ताच दवाखान्यात जा. उलटले असतील तरीही जा, कारण तपासण्या आणि लस यांचा उपयोग नंतरही होतो.

सुई टोचताच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच चोळायचं नाही. यातून विषाणू बाहेर येत नाही, जखम मात्र वाढते. मग वेळ लिहून ठेवायची, ब्यूरोला, म्हणजे तुम्हाला ड्युटीवर पाठवणाऱ्या संस्थेला कळवायचं आणि दवाखाना गाठायचा. पेशंटच्या संमतीने त्यांच्या रक्ताची एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी यांसाठी तपासणी होते, तुमचीही होते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हेपेटायटिस बीमध्ये, लस न घेतलेल्या माणसाला, ती ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे भीती एचआयव्हीची आणि दुर्लक्ष हेपेटायटिस बीकडे, हे अगदी उलटं आहे.

एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करतात आणि २८ दिवस घेतात. हेपेटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन २४ तासांच्या आत मिळालेलं उत्तम. हेपेटायटिस सीसाठी लस नाही, पण लागण लवकर कळली तर गोळ्यांनी बरी होते. त्यासाठीच पुढच्या तारखांना परत तपासायचं असतं.

खरं संरक्षण आधीच करायचं असतं. हेपेटायटिस बीचे तीन डोस : पहिला, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करा. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर लस लागू पडली. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो, म्हणून पेशंटचा वस्तरा, नेलकटर आणि साखर तपासायची लॅन्सेट यांनाही सुईइतकंच जपा.

आता टोपणाबद्दल. आतलं बारीक टोपण परत कधीच लावायचं नाही. आजींचा हात चालत असेल तर सुई त्यांनीच लावावी आणि त्यांनीच काढावी, हे सर्वांत चांगलं. नाहीतर बाहेरचं मोठं टोपण टेबलावर आडवं ठेवा, एकाच हाताने पेन त्यात सरकवा, टोपण बसलं की सुई फिरवून काढा आणि थेट डब्यात टाका. डबा जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा हवा. कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही, तिच्यातून सुई आरपार येते. डबा टोचण्याआधी हाताशी असावा आणि पाऊण भरला की बंद करून वैद्यकीय कचऱ्यात द्यावा. बदलायला काढलेल्या चादरीत हात घालण्याआधी ती झटकूनही पाहू नका. कोपरे धरून उलगडा, कारण घरच्यांनी टोचून तिथेच ठेवलेली सुई बऱ्याचदा चादरीत असते.

प्रश्न : कमोड आणि बाथरूम साफ करताना दोन वेगवेगळी लिक्विडं टाकली. घसा आणि डोळे इतके झोंबले की श्वास घेता येईना. कशामुळे?

एकात ब्लीच होतं आणि दुसऱ्यात आम्ल. टॉयलेटचे डाग काढणारी बहुतेक लिक्विडं आम्लाची असतात. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या काच-क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन तयार होतं, तेही तितकंच वाईट. कमोडच्या भांड्यात लघवी असताना ब्लीच ओतलं तरी हेच थोड्या प्रमाणात घडतं, म्हणून आधी भांडं रिकामं करून पाण्याने खळबळायचं. पुन्हा असं झालं तर सगळं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या आणि डोळे १५ मिनिटं पाण्याने धुवा. छाती आवळल्यासारखी वाटली किंवा खोकला थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

ब्लीचचं प्रमाण बाटलीवरच्या टक्क्यांवर ठरतं. ५ टक्क्यांचं असेल तर रक्त सांडलेल्या जागेसाठी १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी. रोजच्या पुसण्यासाठी एका लिटर मिश्रणात २० मिली पुरे. पाणी गार हवं, मिश्रण त्या दिवशीचंच हवं. ग्लोव्हज घालून रक्त आधी कागदाने टिपा, मग द्रावण ओतून १० मिनिटं राहू द्या. ओतून लगेच पुसलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : केमोथेरपी चालू असलेल्या ताईंकडे जाते. मला तिसरा महिना आहे. त्यांच्या लघवी-उलटीपासून बाळाला धोका आहे का?

केमोची औषधं शरीराबाहेर पडताना लघवी, शौच, उलटी आणि घामातून जातात. डोस दिल्यापासून साधारण ४८ तास या सगळ्यात औषध आहे असं धरून वागायचं, काही औषधांना जास्त वेळ लागतो. नेमकी मुदत त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून दारामागे तारीख-वेळेसह लिहून ठेवा. यातली बरीच औषधं वाढत्या गर्भाला हानी करतात. गरोदरपणात त्या मुदतीत डायपर, कमोड, उलटीचं भांडं आणि मळलेले कपडे तुम्ही हाताळू नका. ब्यूरोला लेखी कळवून हे काम दुसऱ्या माणसाला द्यायला सांगा किंवा ड्युटी बदलून घ्या. हे मागताना संकोच वाटण्याचं कारण नाही.

जे हे काम करतील त्यांनी नायट्राइलचे दोन जोड ग्लोव्हज घालावेत, फाटले तर लगेच आणि नाहीतर अर्ध्या तासाने बदलावेत, अंगावर पाणी न शोषणारा एप्रन घ्यावा. कमोडचं झाकण लावूनच फ्लश करायचं, तेही दोनदा. मळलेले कपडे वेगळ्या पिशवीत ठेवून दोनदा धुवायचे. केमोची गोळी मोडायची नाही, कुटायची नाही आणि उघड्या हाताने धरायची नाही.

प्रश्न : पेशंटला ऑक्सिजन लावलेला असतो आणि त्यांचा मुलगा त्याच खोलीत सिगारेट ओढतो. सांगितलं तर म्हणतो, ऑक्सिजन पेट घेत नाही.

अर्धंच खरं आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो ज्या वस्तूत भरून राहतो ती भडकन पेटते. हवेत तो २१ टक्के असतो. त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी चादर, केस, कपडे सहज पेटतात आणि विझवता येत नाहीत. नळी नाकाला लावलेली असताना पांघरुणात आणि उशीत ऑक्सिजन साचत राहतो. मशीन बंद केल्यावरही तो कपड्यांत असतो, म्हणून आगीजवळ जाण्यापूर्वी निदान २० मिनिटं मोकळ्या हवेत थांबायचं असतं.

उघडी ज्योत, म्हणजे गॅस, मेणबत्ती, पेटती काडी, निदान ३ मीटर लांब. हीटरसारख्या तापणाऱ्या वस्तू दीड मीटर लांब. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा तेल नको, पाण्याचा आधार असलेलं जेल लावा. सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय नळीला हात लावू नका. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लागू देऊ नका आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडा. सिलिंडर उभा, साखळीने किंवा स्टँडमध्ये अडकवलेला हवा. तो पडून व्हॉल्व्ह तुटला तर आतल्या दाबाने सिलिंडर भिंत फोडू शकतो.

मुलगा ऐकत नसेल तर हा वादाचा विषय करू नका. ब्यूरोकडून लेखी निरोप जाऊ द्या : ऑक्सिजनच्या खोलीत धूम्रपान सुरू राहिलं तर माणूस पाठवता येणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर त्याने सिगारेट पेटवली तर त्या क्षणी खोलीबाहेर या आणि बाहेरून फोन करा.

प्रश्न : डिमेन्शिया असलेले आजोबा आंघोळीच्या वेळी मारतात, केस ओढतात, एकदा चावले. घरचे म्हणतात, त्यांना कळत नाही, मनावर घेऊ नका.

मनावर घेऊ नका हे ठीक. अंगावर घेणं मात्र चालणार नाही. प्रत्येक प्रसंग वहीत लिहा : तारीख, वेळ, त्याआधी काय चाललं होतं, काय केलं, इजा कुठे झाली. आठवड्याभरात वेळ आणि कारण दिसू लागतं. वागणं अचानक बिघडलं असेल तर डॉक्टरांना बोलवायला सांगा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी, नवं औषध, हे सांगता न आल्यामुळे अशी माणसं हात उगारतात.

आंघोळीला राग येतो त्यामागे थंडी, लाज आणि भीती असते. खोली आधी उबदार करा, पाणी स्वतःच्या मनगटावर पाहा. सुरुवात पावलांपासून करा, चेहरा आणि डोकं शेवटी. धूत असलेला भागच उघडा, बाकी अंगावर टॉवेल. नेहमी समोरून या, नाव घेऊन बोला, एका हाताच्या अंतरावर थांबा. मागून खांद्यावर हात ठेवला तर त्यांना हल्लाच वाटतो. हात उगारला की आंघोळ तिथेच थांबवा, वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. त्या दिवशी झाली नाही तर अंग पुसून चालेल.

केस धरले तर मागे ओढू नका. त्यांचा हात तुमच्या दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावरच दाबून धरा. त्याने ओढ बंद होते. मग शांतपणे बोलत त्यांची बोटं सैल करा. चावले तर हात बाहेर खेचू नका, मांस फाटतं. किंचित त्यांच्या तोंडाकडे ढकला, जबडा उघडतो. माणसाच्या चाव्याने त्वचा फाटली असेल तर साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ही जखम लवकर चिघळते. केस बांधलेले, कानात लोंबतं काही नाही, आणि ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी असावी. त्यांना खुर्चीला बांधायला कोणी सांगितलं तर नकार द्या. बांधल्याने भीती वाढते आणि सुटण्याच्या धडपडीत इजा होते.

प्रश्न : पेशंटचा जावई एकटा घरी असताना नको ते बोलतो. दोनदा वाट अडवली. ड्युटी जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही.

आजच सांगा, लेखी सांगा. दिवस, वेळ, तो काय बोलला आणि कुठे उभा होता, हे त्याच्याच शब्दांत लिहून ब्यूरोला मेसेज करा. तोंडी तक्रार विसरली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला आणि २५ जून २०२१ पासून लागू झालेला करार क्रमांक १९० कामाच्या जागेच्या व्याख्येत खासगी घरही धरतो, जर तिथे काम चालत असेल तर. कामावर जाण्या-येण्याची वाटही त्यात येते. म्हणजे 'त्यांच्या घरात आम्ही काय करणार' हे ब्यूरोचं उत्तर पुरेसं नाही. पाठवणारा म्हणून त्याची जबाबदारी आहे.

ब्यूरो काही करेपर्यंत त्या घरात एकटीने जायचं नाही. जावई एकटा असेल तर दारातूनच परत फिरा आणि पेशंटच्या दुसऱ्या नातेवाइकाला फोन करा, म्हणजे पेशंट वाऱ्यावर राहणार नाही. काम करताना तुम्ही आणि दरवाजा यांच्यामध्ये कोणी येणार नाही अशी जागा धरा. दाराला आतून कुलूप लावू देऊ नका. ब्यूरोबरोबर एखादं साधं वाक्य ठरवून ठेवा, जसं 'निळी फाइल पाठवा', ज्याचा अर्थ फक्त दोघांना कळेल : ताबडतोब फोन करून मला बोलावून घ्या.

प्रश्न : आमचा छोटा ब्यूरो आहे. माणूस पाठवण्याआधी घराची काय चौकशी करावी?

पेशंटचं वजन आणि तो पायांवर उभा राहतो का, हे पहिलं. मग संसर्ग : खोकल्याचा क्षय, खरूज, कावीळ. क्षयाचं औषध नुकतंच सुरू झालं असेल तर पेशंटला साधा मास्क, तुमच्या माणसाला एन-९५ आणि खिडक्या उघड्या, हे तिघंही हवेत. दाढी असेल तर एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसत नाही. कुत्रा असेल तर ड्युटीभर वेगळ्या खोलीत, नुसता बांधलेला पुरेसा नाही. चावलाच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जायचं. घरात कोण दारू पितं, शस्त्र आहे का, हे विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा.

पोहोचल्याचा आणि निघाल्याचा मेसेज प्रत्येक फेरीला घ्या. निघायची वेळ होऊन १५ मिनिटं मेसेज आला नाही तर फोन कोण करणार आणि फोन उचलला नाही तर कोण जाणार, हे नावासह ठरलेलं असावं. ही दुसरी पायरी ठरलेली नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

प्रश्न : पेशंटला खरूज निघाली. मला काहीच खाज नाही, मग औषध कशाला?

कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोवर तुम्ही ती घरी आणि दुसऱ्या पेशंटकडे नेत असता. ज्यांचा अंगाला अंग लागून संबंध आला त्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. नेहमी दिलं जाणारं ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून पावलांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत लावून ८ ते १४ तास ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. मधे हात धुतले तर हातांना परत लावा, इथेच बहुतेकांचा उपाय फसतो. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाहीत ते पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. ती राहिली म्हणून रोज मलम चोळत बसू नका, त्याने कातडी सोलते.

प्रश्न : २४ तासांची ड्युटी आहे. पेशंटला बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. झोपेचं काय करू?

दर दोन तासांनी कूस म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दहा, बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठणं. एकही झोप दोन तासांची होत नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं, २४ तासांनंतर ०.१ टक्के असल्यासारखं. अशा अवस्थेत इन्सुलिनचा डोस मोजायचा, पेशंटला धरून संडासला न्यायचं आणि सकाळी दुचाकी चालवत घरी जायचं, हे तुमच्या आणि पेशंटच्या दोघांच्या जिवाशी आहे. रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा पेशंट हे एका माणसाचं २४ तासांचं काम नाहीच. दोन पाळ्या हव्यात.

ते होईपर्यंत डॉक्टरांना विचारा की दाब कमी करणारी एअर गादी वापरून रात्रीचं अंतर तीन-चार तासांवर नेता येईल का. अनेक पेशंटच्या बाबतीत हे जमतं, पण जखम झालेली असेल तर डॉक्टरच ठरवतील. रात्रीची एक फेरी घरच्यांच्या नावावर लिहून घ्या. दुपारी दोन तास झोपायची सोय, आणि तेवढा वेळ पेशंटजवळ कोण बसणार त्याचं नाव, ड्युटी घेण्याआधी ब्यूरोच्या कागदावर येऊ द्या. इन्सुलिनसारखी मोजून द्यायची औषधं रात्रपाळीनंतर घरातल्या दुसऱ्या माणसाला आकडा दाखवूनच द्या. आणि सकाळी ड्युटी संपल्यावर स्वतः गाडी चालवू नका.